नव्या ग्राहकाचा विश्वास: वैयक्तिक सेवा म्हणजे नेमके काय करायचे

जुन्या ग्राहकाच्या गाठीशी आपल्याविषयीचा अनुभव असतो. नव्या ग्राहकाच्या गाठीशी फक्त शंका असतात. काम नीट होईल का, सांगितलेल्या वेळेत होईल का, नंतर काही बिघडले तर ही माणसे ओळख दाखवतील का, आणि आपल्याला यातले फारसे कळत नाही हे लक्षात आल्यावर आपला गैरफायदा तर घेणार नाहीत ना, असे प्रश्न त्याच्या मनात असतात आणि त्यांतला एकही तो सहसा उघडपणे विचारत नाही. वैयक्तिक सेवेचा विचार येथून सुरू व्हायला हवा. हसतमुख स्वागत किंवा वाढदिवसाचा संदेश यांना आपापली जागा आहे, परंतु न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळत नाहीत. समोरच्या माणसाची परिस्थिती समजून घेऊन ती लक्षात ठेवली आणि दिलेला शब्द पाळला, तरच ती मिळतात.

अर्थशास्त्रात या शंकांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती ठाऊक असते आणि घेणाऱ्याला ती ठाऊक नसते, तेव्हा घेणारा सावधपणे कमी किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगला माल विकणे परवडत नाही आणि हळूहळू बाजारात निकृष्ट माल तेवढा उरतो. माहितीच्या या विषमतेवरील संशोधनासाठी त्यांना 2001 मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रामाणिक व्यावसायिकाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट जरा कठोर आहे. आपले काम चांगले असणे पुरेसे नसते, कारण ते चांगले आहे हे ओळखण्याचे साधन ग्राहकाजवळ नसेल, तर लबाड माणसाविषयी वाटणारी शंका त्याला आपल्याविषयीही तेवढीच वाटत राहते.

ही शंका सगळ्या व्यवसायांत सारखी नसते. फिलिप नेल्सन यांनी 1970 मध्ये वस्तूंचे दोन प्रकार सांगितले: ज्यांचा दर्जा घेण्याआधीच पारखता येतो त्या, आणि ज्यांचा दर्जा वापरल्यावरच कळतो त्या. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी 1973 मध्ये तिसरा प्रकार पुढे आणला, आणि आपल्या विषयासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. या प्रकारात काम होऊन गेल्यावरही ते योग्य झाले की नाही हे सामान्य ग्राहकाला ठरवता येत नाही. गाडीचा एखादा भाग खरोखरच बदलण्याची गरज होती का, वकिलाने दिलेला सल्ला उत्तम होता की जेमतेम, दाताचे अमुक उपचार टाळता आले असते का, हे विचारायचे तरी कोणाला? खुर्ची विकत घेणारा तिच्यावर बसून पाहू शकतो, त्यामुळे तेथे सौजन्य आणि तत्परता यांवर बरेच निभावते. परंतु तुमचा व्यवसाय या तिसऱ्या प्रकारात मोडत असेल, तर ग्राहक कामाची पारख करू शकत नाही म्हणून तो माणसाची पारख करतो. तुम्ही फोन उचलता का, प्रश्नाला सरळ उत्तर देता का, न सांगता काही करता का, अशा दिसणाऱ्या गोष्टींवरून तो न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधत असतो.

हे सगळे अमूर्त वाटू नये म्हणून श्रवणयंत्राचे उदाहरण जरा जवळून पाहू, कारण वैयक्तिक सेवा असणे आणि नसणे यातला फरक इतका ठळकपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो. श्रवणशक्ती बहुधा अनेक वर्षांत हळूहळू कमी होते आणि मेंदूला त्या शांततेची सवय झालेली असते. पहिल्यांदा कानात यंत्र बसवले की कागदाची चुरचुर, नळाचे पाणी, स्वतःच्याच पावलांचा आवाज अंगावर येतो. स्वतःचे बोलणे पिंपात तोंड घालून बोलल्यासारखे घुमते. यंत्र कानात नीट बसले नसेल किंवा कानात मळ असेल, तर ते शिट्टी वाजवते. या आवाजांची सवय व्हायला मेंदूला काही आठवडे लागतात. ही गोष्ट ज्याला आधी सांगितलेली नसते, तो माणूस ‘मशीन खराब निघाले’ असे ठरवून चारच दिवसांत ते कपाटात टाकतो आणि आपण फसवले गेलो ही भावना मनात कायमची घेऊन बसतो. यंत्रात कसलाही दोष नसतो. त्याच्या पहिल्या काही आठवड्यांत त्याच्याबरोबर कोणी नव्हते, एवढेच झालेले असते.

आता हेच काम नीट करणारी श्रवणतज्ज्ञ डोळ्यांसमोर आणा. कानाची तपासणी झाल्यावर यंत्रांची माहितीपत्रके पुढे करण्याआधी ती विचारते, की ऐकू न आल्याची सर्वांत जास्त चुटपुट कुठे लागते. आजोबा सांगतात, की नातीचे फोनवरचे बोलणे कळत नाही आणि उगाच ‘हो, हो’ म्हणावे लागते. ती हे वाक्य जसेच्या तसे लिहून घेते. यंत्र निवडताना फोनची सोय ती आधी पाहते, सुरुवातीला आवाजाची पातळी मुद्दाम थोडी कमी ठेवते, आणि पहिल्या आठवड्यात घरातल्या शांत खोलीत रोज दोन-तीन तास, मग एका माणसाशी बोलताना, मग चारचौघांत, असा क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते. स्वतःचा आवाज घुमेल, भांड्यांचा आवाज नकोसा होईल, हे ती आधीच सांगून ठेवते. तिसऱ्या दिवशी तिचा फोन येतो तो मुलाच्या मोबाइलवर, कारण आजोबांना फोनवर ऐकायला त्रास होतो हे तिने लिहून ठेवलेले असते, आणि मुलगा फोन स्पीकरवर लावून वडिलांसमोर धरतो.

“आजोबा, मशीन दिवसातून किती वेळ लावता?”

“सकाळी लावतो. पण जेवताना काढून ठेवतो. ताटवाट्यांचा खणखणाट डोक्यात जातो.”

“मग जेवताना काढलेत तरी चालेल, या आठवड्यात जबरदस्ती नको. गुरुवारी या, अचानक येणारे मोठे आवाज आपण थोडे खाली आणू. आणि नातीशी फोनवर बोलून पाहिलेत का?”

या संभाषणात सेवेची गुणवत्ता कशी वाटली, एक ते पाचपैकी किती गुण द्याल, असा एकही प्रश्न नाही. ज्याचे उत्तर ऐकून काही बदल करता येईल तेवढेच तिने विचारले, आणि शेवटचा प्रश्न आजोबांनी स्वतः सांगितलेल्या अडचणीकडे परत गेला. माझ्या मते वैयक्तिक सेवेची सर्वांत खरी कसोटी हीच आहे: ग्राहकाने पहिल्या भेटीत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या संपर्कात त्याला पुन्हा सांगावी लागते का? लागत असेल, तर बाकीचे सौजन्य कितीही असले तरी त्याच्या लेखी तो अजून अनोळखीच आहे.

त्या तज्ज्ञाने आणखी एक गोष्ट साधली, ती म्हणजे अपेक्षांची मांडणी. ग्राहकाचे समाधान कसे घडते याविषयी रिचर्ड ऑलिव्हर यांनी 1980 मध्ये मांडलेला विचार आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. माणूस मिळालेल्या सेवेला स्वतंत्रपणे गुण देत नाही. तो तिची तुलना आधी मनात धरलेल्या अपेक्षेशी करतो, आणि प्रत्यक्ष अनुभव अपेक्षेच्या वर गेला की खाली राहिला यावर समाधान बरेचसे अवलंबून असते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पहिल्या भेटीत ग्राहक मिळवण्यासाठी फुगवून दिलेले वचन पुढच्या नाराजीची तरतूद करून ठेवते. मंगळवारी काम होणे शक्य असेल पण खात्री नसेल, तर बुधवार सांगावा आणि मंगळवारी द्यावे. मात्र याचा अतिरेकही नको. दोन दिवसांच्या कामाला नेहमी दहा दिवस सांगणाऱ्याची चलाखी लोकांच्या लवकरच लक्षात येते, आणि मग त्याच्या कोणत्याच तारखेला किंमत उरत नाही.

शब्द पाळण्याला इतके महत्त्व का द्यायचे, यालाही आधार आहे. ए. परशुरामन, व्हॅलरी झायथमल आणि लिओनार्ड बेरी या तीन संशोधकांनी 1988 मध्ये सेवेचा दर्जा मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात ग्राहक सेवेकडे ज्या पाच अंगांनी पाहतो ती वेगळी केली आहेत: विश्वासार्हता, तत्परता, आश्वस्तता, आपुलकीने घेतलेली दखल, आणि जागा, साधने, कर्मचाऱ्यांचा पेहराव यांसारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. त्यांच्या अभ्यासांत ग्राहकांनी सर्वाधिक महत्त्व विश्वासार्हतेला दिले, म्हणजे जे सांगितले ते सांगितल्याप्रमाणे करण्याला. दिसणाऱ्या गोष्टींचा क्रम बराच खाली लागला. नवा व्यवसाय सुरू करणारी मंडळी बहुधा नेमका उलटा खर्च करतात. फलक, रंगसंगती आणि स्वागतकक्ष यांवर महिनोन् महिने विचार होतो, आणि दिलेल्या तारखा कोण, कुठे लिहून ठेवणार आणि त्यांची आठवण कोण करणार, हे ठरवायचे राहून जाते.

लिहून ठेवणे हे या सगळ्यामागचे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. त्यासाठी महागडी संगणकप्रणाली लागत नाही. ग्राहक मोजके असतील तर एक वही पुरते, आणि ते वाढले की साधा तक्ता. नाव आणि संपर्क सगळेच लिहितात. त्याखेरीज ग्राहक कोणत्या कारणाने आला, त्याला कशाची धास्ती वाटत होती, आपण कोणते वचन कोणत्या तारखेचे दिले, त्याला फोन आवडतो की लेखी निरोप, आणि कोणत्या वेळी त्रास दिलेला चालत नाही, एवढ्या नोंदी असल्या की पुढचे बरेच काही आपोआप सुचते. संगणक दुरुस्तीला देणाऱ्या माणसाची खरी काळजी पुष्कळदा यंत्राची नसून आतल्या छायाचित्रांची असते. ‘माहिती पुसली जाण्याची भीती, आधी प्रत काढून दाखवणे’ अशी नोंद ज्याने केली, तो दुरुस्ती झाल्याचा निरोप देताना पहिले वाक्य छायाचित्रे सुखरूप असल्याचे लिहील, आणि ग्राहकाचा जीव भांड्यात पडेल.

या नोंदींना एक मर्यादाही घालून घ्यावी लागते. ग्राहकाने आपण होऊन आणि कामाच्या संदर्भात सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवली तर त्याला बरे वाटते. त्याने न सांगितलेली, कुठून तरी शोधून काढलेली गोष्ट त्याच्यासमोर बोलून दाखवली तर तो दचकतो. घरातील आजारपण, पैशांची ओढाताण, नात्यांतील ताणतणाव अशा गोष्टी ओघात कानावर आल्या, तरी कामासाठी त्यांची गरज नसेल तर त्या लिहू नयेत. आपण लिहिलेली नोंद उद्या ग्राहकाने स्वतः वाचली तर त्याला अवघडल्यासारखे होईल का, असा विचार लिहितानाच करावा. नोंदी कोणाला पाहता येतात आणि काम संपल्यावर त्या किती काळ ठेवल्या जातात, हे त्याने विचारले तर सांगता आले पाहिजे.

वाट पाहायला लावण्याविषयी थोडक्यात. डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये रांगा आणि प्रतीक्षा यांच्या मानसशास्त्रावर लिहिताना नोंदवले, की अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा जास्त लांब वाटते. नव्या ग्राहकाच्या बाबतीत हे अधिकच खरे ठरते, कारण आपली शांतता हा कामाचा भाग आहे की निष्काळजीपणा, हे ओळखायला त्याच्याजवळ पूर्वानुभव नसतो. काम पुढे सरकले नसले तरी ‘सुटा भाग अजून आलेला नाही, शुक्रवारी पुन्हा कळवतो’ एवढा निरोप त्याने विचारण्याआधी गेला पाहिजे, आणि शुक्रवारी भाग आला नसला तरी पुढचा निरोप गेलाच पाहिजे.

पहिल्या व्यवहाराचा शेवट कसा होतो याकडेही वेगळे लक्ष द्यायला हवे. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये केलेल्या एका प्रयोगात लोकांनी एकदा 14 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात 60 सेकंद हात ठेवला. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद झाल्यावर आणखी 30 सेकंद ठेवला, पण त्या वेळात पाण्याचे तापमान हळूहळू 15 अंशांपर्यंत वाढवले. यांपैकी कोणता प्रकार पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी लांबलेला प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट कमी त्रासदायक होता. म्हणजे अनुभव आठवताना मन त्याच्या शेवटाला जास्त वजन देते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक व्यवहारांचा शेवट सर्वांत घाईचा असतो: पैसे घेतले, पावती दिली, पुढचा आला. त्याऐवजी दोन मिनिटे काढून काय केले, काय जाणूनबुजून केले नाही, पुढच्या काही दिवसांत काय जाणवू शकेल आणि तसे झाल्यास नेमका कोणाला फोन करायचा, हे सांगितले तर ग्राहक जाताना मनातल्या शंका मागे ठेवून जातो.

इतके करूनही चुका होतात, आणि नव्या ग्राहकाच्या बाबतीत चूक जास्त महाग पडते. अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये दाखवून दिले, की दर्जा घसरल्यावर माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा तक्रार करणे, आणि यांपैकी कोणती वाट धरायची हे ठरवण्यात निष्ठेचा मोठा वाटा असतो. जुना ग्राहक चार शब्द सुनावतो, कारण त्याला पुन्हा यायचे असते. नव्याला असे काहीच बांधून ठेवत नाही, त्यामुळे तो काही न बोलता दुसरीकडे जातो. म्हणून नव्या ग्राहकाने तक्रार केली तर ती त्याने आपल्याला दिलेली आणखी एक संधी आहे असे मी मनापासून मानतो, आणि त्याने तक्रार केली नाही तर आपणच विचारले पाहिजे, तेही नेमके: “शिलाई खांद्यात ओढते का?” असे विचारले की माणूस बोलू लागतो, “सगळे ठीक आहे ना?” याला सवयीने “हो” हेच उत्तर येते.

चूक निस्तरताना आधी ती मान्य करावी, मग ती कधीपर्यंत दुरुस्त होईल ते सांगावे, आणि खुलासा त्यानंतर, तोही ग्राहकाला हवा असेल तर द्यावा. चूक फार चांगली निस्तरली की ग्राहक आधीपेक्षाही जास्त खूश होतो, असे व्यवस्थापनशास्त्रात कधी कधी सांगितले जाते. त्यावर फार विसंबू नये. हा परिणाम प्रत्येक अभ्यासात आढळलेला नाही, आणि तीच चूक दुसऱ्यांदा झाली तर कोणतीही दिलगिरी उपयोगी पडत नाही.

येथे कर्मचाऱ्यांच्या अधिकाराचा प्रश्न येतो. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख यान कार्लसन यांनी 1980 च्या दशकात आपल्या कंपनीचा हिशोब असा मांडला होता: वर्षाला सुमारे 1 कोटी प्रवासी, प्रत्येकाची साधारण पाच कर्मचाऱ्यांशी गाठ, आणि प्रत्येक भेट सरासरी 15 सेकंदांची. कंपनी कशी आहे याविषयीचे मत वर्षातून 5 कोटी वेळा अशा 15 सेकंदांत तयार होत होते, आणि त्या क्षणी तेथे संचालक नव्हे तर तिकीट तपासणारा किंवा सामान घेणारा कर्मचारी उभा असे. त्याला प्रत्येक गोष्टीसाठी वर विचारावे लागत असेल, तर त्या 15 सेकंदांत ग्राहकाला मिळते ते फक्त “साहेबांना विचारून सांगतो”. रिट्झ-कार्लटन या हॉटेल समूहाने याच कारणाने प्रत्येक कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी, वरिष्ठांना न विचारता, 2,000 डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा दिल्याचे प्रसिद्ध आहे. लहान व्यवसायाला हा आकडा परवडणारा नाही, परंतु ‘इतक्या रकमेपर्यंतचा निर्णय तू घे, नंतर मला सांग’ असे आपल्या मदतनिसाला सांगणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

एवढा वेळ एकेका ग्राहकासाठी देणे परवडते का, हा रास्त प्रश्न आहे. फ्रेडरिक राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी 1990 मध्ये वेगवेगळ्या सेवाव्यवसायांचे हिशोब तपासून असे मांडले, की ग्राहक टिकण्याचे प्रमाण पाच टक्क्यांनी वाढले तर नफा 25 ते 85 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. हे आकडे त्या त्या व्यवसायांचे आहेत आणि ते जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. परंतु त्यामागचे कारण सर्वत्र लागू पडते. नवा ग्राहक मिळवण्याचा खर्च एकदाच होतो, आणि ओळखीच्या ग्राहकाला समजावण्यात, पटवण्यात आणि त्याच्या शंका फेडण्यात जाणारा वेळ दर भेटीला कमी होत जातो. पहिल्या महिन्यात दिलेला जादा वेळ असा पुढच्या भेटींतून परत मिळतो. मात्र ज्याला एकदाच काम पडणार आहे आणि ज्याला कोणतेही नाते नको आहे, असाही ग्राहक असतो. त्याला चोख काम, स्पष्ट पावती आणि झटपट सुटका हवी असते. त्याची ही इच्छा ओळखून पाठपुराव्याचे फोन न करणे आणि ‘संपर्क नको’ अशी नोंद त्याच्या नावापुढे करून ती सर्वांनी पाळणे, ही त्याच्यासाठीची वैयक्तिक सेवा होय.